शेंग धरलेली कुंडी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत एक ऑर्किड आहे, फॅलेनॉप्सिस जातीचे. सुपरमार्केटातून आणलेले, पांढरे. ते आईचे. रेवदंड्याच्या वाडीत आंब्यावर जूनमध्ये सीतेची वेणी फुलायची, तिची आठवण म्हणून तिने घेतले. तिकडे लोक सीतेच्या वेणीला बांडगूळ म्हणत, आणि आई चिडायची. "बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नुसती बसायला जागा मागते!" तेही ऑर्किडच, हे मात्र तिला इथे आल्यावर कळले.

२०२४ च्या ऑक्टोबरात तिला लहर आली. टूथपिकने एका फुलातले परागाचे पिवळे गोळे उचलून तिने दुसऱ्या फुलात लावले. दोन दिवसांत त्या फुलाने मान टाकली. आम्ही हसलो. पण पुढे फुलामागचा देठ फुगायला लागला. दुकानातल्या संकरित झाडांना पुष्कळदा शेंग धरतच नाही, म्हणून आईला कोण आनंद!

जानेवारीत आई गेली. शेंग तेव्हा करंगळीएवढी होती. सात दिवस घरात माणसांची ये-जा होती, आणि जो आला त्याने प्रेमाने कुंडीत पाणी घातले. फेब्रुवारीत पाने मऊ पडली. तहान लागली असेल म्हणून आम्ही आणखी पाणी घातले, हा आमचा गाढवपणा. मार्चच्या सुरुवातीला कुंडीला वास मारू लागला. आतले सालीचे तुकडे कुजून चिखल झाला होता आणि मुळे तपकिरी दिसत होती.

आता काय करायचे? जाणकार सांगतात की शेंग असताना झाड हलवू नये. शेंग महिनोन्‌महिने झाडाकडून खुराक घेते, आणि मुळांना धक्का बसला तर झाड स्वतःला वाचवायला आधी शेंग टाकून देते. पण न हलवावे तर मुळे कुजून झाडही जाणार आणि शेंगही. तीन रात्री आमचा वाद चालला. एकाचे म्हणणे, शेंग आईच्या हातची, ती आधी. दुसऱ्याचे म्हणणे, झाडसुद्धा आईच्याच हातचे ना? शेवटी कॅलेंडर काढून दिवस मोजले. या जातीची शेंग पिकायला साधारण चार ते सहा महिने लागतात. आमची पाच महिन्यांच्या घरात आली होती. ठरले, बदलायची.

मुळे मोकळी होईना, तेव्हा प्लास्टिकची कुंडी कात्रीने उभी कापली. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरली होती. दाबल्यावर पिचणारी मुळे कापून टाकली, घट्ट तेवढी ठेवली. राहिली चार. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली, बुरशीवर बरी असते म्हणतात. लहान कुंडी, नवी कोरडी साल, आणि शेंगेचा दांडा काठीला बांधला, कारण ती लोंबकळली असती. चार दिवस पाणी नाही. हे सगळ्यात कठीण गेले.

शेंग गळली नाही. पंधरवड्याने टोकाला पिवळी पडली, तेव्हा तिच्याभोवती मलमलीची पिशवी बांधली. एका शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या स्वयंपाकाच्या गडबडीत, ती तडकलेली दिसली. आत बी कसले, पिवळसर भुकटी! शिंक आली तर सगळे उडून जाईल.

या बियांत स्वतःचा साठा नसतो. रानात एक प्रकारची बुरशी त्यांना जेवू घालते. १९२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय त्या रुजवून दाखवल्या. तेव्हापासून हे काम बाटल्यांत होते, घरच्या कुंडीत नाही. आम्ही अर्धी भुकटी एका प्रयोगशाळेला पाठवली, अर्धी कागदात बांधून फ्रिजमध्ये ठेवली. पहिल्या बाटलीत बुरशी माजली आणि सगळे फुकट गेले. दुसऱ्या बाटलीचा फोटो आला, त्यात मोहरीहून बारीक हिरवे ठिपके होते.

फुले यायला अजून काही वर्षे लागतील. रंग कोणता निघेल ते सांगता येत नाही, संकराचा भरवसा नसतो. रोपे बाटलीतून बाहेर आली की आम्हा दोघांच्या खिडकीत ती सगळी मावणार नाहीत. ज्यांना हवी असतील त्यांनी आत्ताच सांगून ठेवावे. पाणी मात्र बेताने घालायचे.