नाण्यांची चवड

पदार्थ घन, द्रव किंवा वायू असतो, ही शाळेतील त्रयी मनात इतकी रुजलेली असते की मधल्या अवस्थेला तेथे जागाच उरत नाही. १८८८ साली प्रागमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनित्सर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट जणू दोनदा वितळताना दिसले : १४५.५ अंश सेल्सिअसला गढूळ द्रव, १७८.५ अंशांना नितळ. तो गढूळपणा भेसळीचा नव्हता. द्रवासारखे वाहतानाही रेणू शेजारच्या रेणूंशी दिशा जुळवून होते. हाच द्रवस्फटिक.

पुढे दीर्घकाळ हा गुण काडीसारख्या लांबट रेणूंचाच मानला गेला. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांना तो चकतीसारख्या रेणूंत आढळला. त्यांचा शोधनिबंध छापला गेला तो ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात. जगाने तो तेथून वाचला.

या चकत्या नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसतात. ट्रायफेनिलीनसारखा गाभा असेल तर विद्युत्प्रभार चवडीच्या उभ्या अक्षातून धावतो. भोवतीच्या कार्बनच्या लांब साखळ्या विद्युतरोधक असल्याने तो सहसा आडवा जात नाही. सेंद्रिय अर्धवाहकांच्या अभ्यासकांना या चवडीचे मोल आणखी एका कारणाने वाटते. घन स्फटिकातील दोष तसाच अडकून राहतो. येथे ढळलेली चवड पुन्हा सावरू शकते. सुव्यवस्थेसाठी ताठर व्हावेच लागते, हा समज या रेणूंनी तरी खोटा ठरवला आहे.