भिलाईची गाडी, स्पितीची थंडी

आमच्या भिलाईत थंडी म्हणजे कौतुकाची गोष्ट. पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की सिव्हिक सेंटरला स्वेटर दिसू लागतात आणि मैत्रीबागेत कोवळ्या उन्हात डबे उघडतात. पाण्याची काळजी एवढीच, की कूलर रिकामा करून, पुसून ठेवायचा. नळ गोठेल असं इथे कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणूनच इथून कॅम्पर व्हॅन घेऊन हिवाळ्यात हिमाचलच्या स्पितीला निघणाऱ्यांनी एक गोष्ट घरूनच शिकून जावी.

स्पितीतलं काझा 3,600 मीटरपेक्षा उंच आहे. तिथे रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं आणि गाडीतले पाइप, पंप, गिझर फोडतं. गंमत म्हणजे तेव्हा काहीच कळत नाही. बर्फ वितळला की गाडीत पाणीच पाणी!

काझाचे लोक काय करतात? हिवाळ्यात पाइपात पाणी ठेवतच नाहीत. बादलीने पाणी आणतात, कोरडे संडास वापरतात. आपणही तेच करायचं.

कडाक्याच्या थंडीत शिरण्याआधी गिझर बंद करा. तो पूर्ण गार झाल्यावरच त्याचं बूच काढा, नाहीतर गरम पाण्याने भाजेल. स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी करा. सांडपाणी मात्र रस्त्यात सोडू नका, योग्य जागीच टाका. मग गरम-गार सगळे नळ, शॉवर, फ्लश उघडा. पंप क्षणभर चालवून उरलेलं पाणी काढा, पण कोरडा चालवत राहू नका.

तरीही बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी उरतंच. तिथे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, गाडीघरांच्या नळांसाठीच मिळणारं अँटीफ्रीझ ओता. कारच्या रेडिएटरचं कूलंट चुकूनही नको. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण विषारी. घरात लहान मुलं असतील तर हे विसरूच नका.

प्यायचं पाणी कॅनमध्ये भरून, आपण झोपतो तिथेच ठेवा.

उन्हाळ्यात आपण टाक्या भरून निर्धास्त होतो. स्पितीत मात्र टाकी रिकामी असली, तरच झोप शांत लागते.