शोलावनातील निळा गायक

उदकमंडलमला जाणारा प्रवासी तेथील तलाव पाहतो, वनस्पती-उद्यानात फेरफटका मारतो, दोड्डबेट्टाच्या २,६३७ मीटर उंचीच्या माथ्यावर जाऊन येतो आणि निलगिरी पाहिल्याचे समाधान मानतो. वाचकहो, आपण कधी तिकडे गेलात, तर एक पहाट शोलावनासाठी अवश्य राखून ठेवा.

शोला म्हणजे डोंगराच्या घळीत दाटलेले, बुटक्या सदाहरित वृक्षांचे वन. उतारावर गवताची कुरणे आणि घळींत ही वने, अशी या उंच डोंगरांची मूळ रचना आहे. बुंध्यांवर शेवाळ, पायाखाली ओला पाचोळा, आणि आत दिवसाही संधिप्रकाश. या अंधारातच शोलाकिळी नावाचा इवलासा पक्षी राहतो.

आकाराने तो चिमणीएवढा. कुळ मात्र आपल्या परिचयाच्या दयाळाचे. दयाळ उंच शेंड्यावर बसून गातो, तर हा झुडपांच्या बुडाशी दडून. म्हणून त्याला शोधताना मान वर करू नका. दृष्टी जमिनीलगत ठेवा. वाटेच्या कडेला निश्चल उभे राहा. पहाटे किंवा सांजावताना तो पाचोळ्यातील किडे टिपीत क्षणभर बाहेर येतो आणि चाहूल लागताच नाहीसा होतो. बहुधा आधी कानी पडते ती त्याची शीळ. गोड, पण मधूनच खरखरीत स्वर मिसळलेली. विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत किंवा दरडीच्या पोकळीत तो शेवाळ व बारीक मुळ्यांचे घरटे करतो. त्यात बहुधा दोनच अंडी असतात.

आता त्याची ओळख. पाठ गडद निळी, पोट पांढरे आणि कुशी तांबूस असतील, तर तो निलगिरी शोलाकिळी. कोडाईकनालकडे मात्र कुशी निळसर दिसतात व डोळ्यांवर फिकट भुवई उठून दिसते. तो पांढऱ्या पोटाचा शोलाकिळी. नर व मादी दिसायला सारखीच, त्यामुळे हा भेद नर-मादीचा नव्हे. तो आहे डोंगरांचा. निलगिरी आणि दक्षिणेकडील अन्नमलाई-पळणी यांच्यामध्ये पालक्काडची रुंद खिंड आहे. उंचावरच्या थंड वनाला जखडलेला हा पक्षी ती उष्ण, सखल भूमी ओलांडीत नाही. लाखो वर्षांच्या या ताटातुटीने दोन्हींकडचे पक्षी वेगळे झाले. तेव्हा पक्षी ओळखण्यापूर्वी आपण खिंडीच्या कोणत्या बाजूस उभे आहोत, हे पाहावे. २०१७ साली व्ही. व्ही. रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक अभ्यासाच्या आधारे या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’, म्हणजे शोलानिवासी, ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली.

एक खिंड निसर्गाने निर्माण केली. इतर खिंडी आपण खोदल्या. गेल्या दोन शतकांत चहाचे मळे, निलगिरी वृक्षांची लागवड आणि ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळी यांनी कुरणे व शोला दोन्ही गिळली. आपल्याला चहाचा मळा हिरवागार दिसतो. पण ज्याला दाट छाया व पाचोळा हवा, त्याला तो उघडा माळच. रानाच्या दोन तुकड्यांमध्ये असा पट्टा आला की, एका तुकड्यातील पक्षी दुसऱ्यातील पक्ष्यांना दुरावतात. अलीकडच्या जंगलतोडीची खूण या पक्ष्यांच्या आनुवंशिक घडणीतही अभ्यासकांना आढळली आहे. निलगिरी शोलाकिळी आज जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो.

म्हणून तिकडे गेल्यावर वनखात्याचे नियम पाळा, आणि ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो व्यर्थ धावपळ करतो. तो दिसला नाही तरी हिरमुसू नका. घळीतून शीळ ऐकू आली, तर तेवढे वन अद्याप जिवंत आहे, एवढे तरी आपल्याला निश्चित कळेल.