कोळंबीचा भाव, हिल्साचा भाव

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबचा जन्म एका रुसव्यातून झाला. 28 जुलै 1920 रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान संघाची गाठ मोहन बागानशी होती. जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला ऐनवेळी बाहेर बसवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घ्या म्हणून आग्रह धरला, तो कुणी जुमानला नाही. बोस पूर्व बंगालचा म्हणूनच डावलला गेला, अशी चौधुरींची खात्री झाली आणि ते तडक बाहेर पडले. 1 ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला आणि त्याच्या नावातच गाऱ्हाणं होतं: ईस्ट बंगाल. मानापमान झाला की दुसऱ्या सकाळी शेजारच्या बोळात नव्या मंडळाचा फलक लागतो, हे मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको.

समोर होता तो 1889 सालचा मोहन बागान, आणि त्याच्या नावामागे 1911 चं वलय होतं. त्या वर्षी 29 जुलैला या संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. गोऱ्या पलटणीला तिच्याच खेळात लोळवलं म्हटल्यावर हा क्लब साऱ्या बंगालचा झाला. त्यामुळे नऊ वर्षांनी पूर्वेकडच्यांनी वेगळी चूल मांडली तेव्हा ती जिव्हारी लागणारच होती. कोलकाता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ 28 मे 1925 ला पडली. नेपाळ चक्रवर्तीच्या एकमेव गोलवर ईस्ट बंगाल जिंकलं आणि हिशेब सुरू झाला, तो शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. दोघांची बोली वेगळी, स्वयंपाक वेगळा. 1947 नंतर निर्वासितांचे लोंढे कोलकात्यात आले, रेल्वे फलाटांवर आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत राहिले, तेव्हा घर गेलं तरी गावाचं नाव सांगायला त्यांच्याकडे एक क्लब उरला होता. फाळणीने या स्पर्धेला दिलेलं वजन रुसव्याने कधीच दिलं नसतं. आजही मोहन बागान जिंकलं की कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा. सामन्याच्या आदल्या सकाळी बाजारात दोन्हींचा भाव चढलेला असतो. हरलेल्याच्या घरी त्या रात्री मासे नसतात, असं बंगाली माणूस सांगतो, आणि ते निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

कोल्हापुरात याला ‘ईर्षा’ म्हणतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार समोरासमोर आले की प्रेक्षक नुसता सामना बघायला येत नाही, तो पेठेची इभ्रत राखायला येतो. फरक इतकाच, की कोलकात्यात पेठेच्या जागी अर्धं शहर आहे.

आता एक गैरसमज. बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आले, म्हणून या डर्बीचा, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या सामन्याचा, जीव गेला, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला हे मुळीच पटत नाही. ईस्ट बंगालच्या इतिहासातली सर्वांत लाडकी आघाडीची फळी म्हणजे ‘पंचपांडव’: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. यांच्याच काळात, 1949 ते 1951, क्लबने सलग तीनदा शील्ड जिंकली. पाचही जण दक्षिणेतले. ज्या क्लबपाशी निर्वासित बंगाली आपलं हरवलेलं गाव शोधत होता, त्याचे देव बंगळूर, आंध्र आणि केरळातून आले होते, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. गोल कुणी मारला याला महत्त्व नव्हतं, तो कुणाच्या जाळ्यात गेला याला होतं.

या वेडाची काळी बाजूही आहे. 30 सप्टेंबर 1975 ला शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असं झोडपलं. डर्बीतला तो आजही सर्वांत मोठा विजय आहे. संतापलेल्या पाठीराख्यांच्या धास्तीने मोहन बागानच्या काही खेळाडूंनी रात्र गंगेतल्या नावेत काढली. एका तरुण पाठीराख्याने तर जीव दिला. पाच वर्षांनी, 16 ऑगस्ट 1980 ला, ईडन गार्डन्सवर मैदानात दोन खेळाडू भिडले, त्यांना बाहेर काढलं गेलं आणि गॅलरीत दगडफेक सुरू झाली. दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत बसलेले. पळापळीत 16 जण मेले. घरून डबा घेऊन फुटबॉल बघायला आलेली माणसं. दरवर्षी त्या दिवशी कोलकात्यात रक्तदान होतं.

आणि तरीही या सामन्याची सगळ्यात लोभस आठवण गर्दीचीच आहे. 13 जुलै 1997, फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियम, अधिकृत आकडा 1,31,781. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या ‘डायमंड’ रचनेच्या प्रेमात होते आणि जिभेवर त्यांचा ताबा नव्हता. ईस्ट बंगालच्या सॅमी ओमोलोला ते ‘ऑम्लेट’ म्हणाले, भाईचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’. पलीकडे पी. के. बॅनर्जी. त्यांनी वर्तमानपत्रांतली ही मुक्ताफळं आपल्या पोरांना व्यवस्थित पोहोचवली असणार. भाईचुंगने तीन गोल केले, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं, आणि डायमंडचा पार काचेचा खडा झाला.

पुढच्याच वर्षी जे घडलं त्याची तेव्हा थट्टा झाली, पण आजच्या गोष्टीचं बीज तिथे आहे. 1998 मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी गटाने दोन्ही क्लबांत निम्मी निम्मी भागीदारी घेतली. एक झाला मॅकडॉवेल मोहन बागान, दुसरा किंगफिशर ईस्ट बंगाल. शंभर पिढ्यांचं वैर असल्यासारखे भांडणारे दोन भाऊ, आणि दोघांच्या दुकानाला माल एकाच गोदामातून! पाठीराख्यांनी ते हसण्यावारी नेलं, कारण क्लब चालवणारी माणसं तीच होती आणि सदस्यांची निवडणूक शाबूत होती.

2020 मध्ये तसं राहिलं नाही. इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) दार उघडायचं तर भांडवल हवं. मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा 80 टक्के हिस्सा आरपी-संजीव गोएंका गटाकडे गेला आणि संघाचं नाव झालं एटीके मोहन बागान. म्हणजे 131 वर्षांच्या क्लबच्या नावापुढे 2014 साली जन्मलेल्या संघाची अक्षरं. पाठीराख्यांनी ‘रिमूव्ह एटीके’चे फलक धरले आणि तीन वर्षं खाली ठेवले नाहीत. 18 मार्च 2023 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघाने आयएसएल चषक जिंकला, त्याच रात्री गोएंकांनी ती तीन अक्षरं काढल्याचं जाहीर केलं. चषकापेक्षा या घोषणेचा आनंद मोठा होता, असं म्हटलं तर बागानवाला वाद घालणार नाही.

ईस्ट बंगालची गत निराळी. क्वेस ही कंपनी मालक म्हणून आली आणि गेली. श्री सिमेंट आली, करारावर सही करायची की नाही यावरून क्लब आणि कंपनी हटून बसले, आणि 2021 च्या जुलैत क्लबच्या दारात पाठीराख्यांवर लाठ्या पडल्या. 2022 मध्ये इमामी. चार वर्षांत तीन मालक. संघबांधणी दरवेळी शेवटच्या आठवड्यात, लग्नाच्या आदल्या रात्री वऱ्हाडाचे कपडे घ्यावेत तशी.

याचा परिणाम मैदानावर दिसला. आयएसएलमधली पहिली डर्बी 27 नोव्हेंबर 2020 ला झाली, तीही कोलकात्यात नव्हे तर वास्कोच्या टिळक मैदानावर. करोनामुळे गॅलरी रिकामी, खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. बागान 2-0. तिथून पराभवांची रांग लागली. जानेवारी 2019 नंतर ईस्ट बंगालला डर्बीतला पुढचा विजय मिळाला तो थेट 12 ऑगस्ट 2023 ला, ड्युरंड चषकात, नंदकुमारच्या गोलवर. साडेचार वर्षं! शाळेत पहिलीत असलेलं पोर पाचवीत गेलं. आयएसएलमध्ये तर 2024-25 चा मोसम संपेपर्यंत ईस्ट बंगालने बागानला एकदाही हरवलं नव्हतं. त्याच मोसमात बागानने आयएसएलची शील्ड आणि चषक दोन्ही नेले, ईस्ट बंगाल नवव्या क्रमांकावर.

या स्पर्धेच्या भवितव्याची खरी चिंता मला इथे वाटते. शत्रुत्व आटेल याची नाही, ते एकतर्फी होईल याची. बागानच्या पाठीराख्यालाही हे आतून कळतं. सलग आठवा विजय पहिल्याइतका गोड लागत नाही. 17 ऑगस्ट 2025 ला ड्युरंडच्या उपांत्यपूर्व फेरीत डायमँटाकोसच्या दोन गोलांनी ईस्ट बंगाल 2-1 असं जिंकलं, तेव्हा समाजमाध्यमांवर बागानवाल्यांच्या संतापात कित्येक दिवसांनी जुना कस दिसला. शेजारी सशक्त असणं ही दोघांची गरज आहे.

दुसरी चिंता साधी, कारकुनी वाटावी अशी: हा सामना कधी आणि कुठे होणार? जानेवारी 2025 ची डर्बी गंगासागर यात्रेच्या बंदोबस्तामुळे गुवाहाटीला गेली. जेमी मॅक्लॅरनने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, बागान 1-0 जिंकलं, आणि कोलकात्याने आपली डर्बी टीव्हीवर बघितली. त्याआधी आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या डर्बी शिलिगुडीत झाल्या होत्या. आयएसएलचा पंधरा वर्षांचा मूळ करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता, पुढचं काही ठरेना, म्हणून त्या जुलैतच मोसम स्थगित झाला; सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची लीग तेव्हा सुरू झालीच नाही. गोव्याने असा पेच आधीच पाहिलाय. 2006-07 पासून सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं धेंपो, चर्चिल आणि साळगावकर यांनी आपसांत वाटून घेतली, आणि तरीही 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. आपसातली चुरस होती, प्रेक्षक होते. पण नव्या रचनेत या क्लबांचं स्थान काय, याचं उत्तर नव्हतं. कोलकात्याचे क्लब तगले कारण त्यांच्यामागची माणसं लाखांत मोजावी लागतात.

ती माणसं काय आहेत ते 18 ऑगस्ट 2024 ला दिसलं. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचाराने शहर पेटलेलं होतं. बंदोबस्ताला पोलीस पुरणार नाहीत म्हणून ड्युरंडची डर्बी रद्द झाली. सामना नाही म्हटल्यावर लोकांनी घरी बसायचं, ते सॉल्ट लेकवर आले. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी झेंडे एका घोळक्यात, सोबत मोहम्मडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरे. एका रंगाची जर्सी घातलेला दुसऱ्या रंगाच्या खांद्यावर बसून न्यायाची घोषणा देतोय. बंदोबस्ताला कमी पडणारे पोलीस या गर्दीला पांगवायला मात्र पुरले.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. 2024-25 ची महिलांची राष्ट्रीय लीग ईस्ट बंगालने जिंकली, अँथनी अँड्र्यूज यांच्या मार्गदर्शनाखाली. पुरुषांच्या संघाला आय-लीग आणि आयएसएल मिळून जे जमलं नव्हतं ते या मुलींनी करून दाखवलं, आणि त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत हिल्सा शिजला असेल. लीगमध्ये आठ संघ होते. त्यांत मोहन बागान नव्हतं.