वाघाची मावशी औंधला जाते

पुण्यात पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड अशी नावं तुम्ही धडाधड सांगाल. आज मात्र आपण एका वेगळ्याच सहलीला निघणार आहोत. या सहलीत आपल्याबरोबर आहे एक आजारी मांजर! डबा, पाण्याची बाटली काही नको. झाकणाची एक करंडी, एक जुना टॉवेल आणि घरातलं एक मोठं माणूस, एवढं पुरे.

पण मांजर आजारी आहे हे ओळखायचं कसं? इथंच तर खरी गंमत आहे. गाय दुखलं-खुपलं तर हंबरते, कुत्रा कुंई कुंई करत पायाशी येतो. मांजर मात्र गुपचूप कपाटाखाली किंवा माळ्यावर जाऊन बसतं. जंगलात लहान शिकाऱ्यालाही मोठ्या शिकाऱ्याची भीती असते. आपण अशक्त झालोय हे दिसलं की संपलंच! म्हणून दुखणं लपवायची सवय वाघाच्या मावशीच्या अंगात मुरलेली आहे. दुखत असतानासुद्धा कधीकधी ती चक्क गुरगुरते, आणि आपल्याला वाटतं, स्वारी खुशीत आहे.

म्हणून हेर तुम्हीच व्हायचं. एक वही घ्या आणि लिहून काढा. शेवटचं कधी खाल्लं? पाणी किती प्यायलं? उलटी, जुलाब झाले का? शू केली का? अंग चाटून साफ करणं थांबलंय का? मानेवरची सैल कातडी हलकेच उचलून सोडा. ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजा. हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या पडल्यात, तेही बघा. कान गरम लागले म्हणून घाबरू नका हं! आपलं तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, तर मांजराचं १०० ते १०२.५ अंशांपर्यंत असतं.

दोन गोष्टींत अजिबात थांबायचं नाही. बोका पुन्हा पुन्हा शूसाठी बसतोय, कळवळतोय आणि थेंबही येत नाहीये, तर त्याची लघवी अडलेली असू शकते. अशा वेळी एक-दोन दिवसांत जीव जातो, तेव्हा त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. आणि मांजराने अख्खा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तरी ‘उद्या खाईल’ म्हणत बसायचं नाही. उपाशी मांजराच्या यकृतावर दोन-चार दिवसांतच वाईट परिणाम होऊ लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरातली तापाची गोळी मांजराला कधीही, कधीही द्यायची नाही. आपल्या तापाच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतं. आपलं यकृत ते सहज निकामी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ही सोय जवळजवळ नसतेच. मग त्या औषधाचं विष होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि मांजराला श्वास घेता येत नाही. एका गोळीनंसुद्धा मांजर दगावू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरची काही औषधंही मांजराला विषारी असतात. माया म्हणून दिलेलं औषध असं जिवावर बेततं, बरं का!

चला, आता करंडी आणू या. पुण्याच्या पेठांमध्ये बुरूड आळी आहे. बांबूची सुपं, टोपल्या, दुरड्या, परड्या यांची ही जुनी वस्ती. इथल्यासारखी झाकणाची करंडी मांजरासाठी झकास. आत हवा खेळते आणि अंधारही असतो. खाली मांजराच्या ओळखीच्या वासाचा टॉवेल अंथरा, झाकण सुतळीने घट्ट बांधा. प्लॅस्टिकची पेटी असली तरी चालेल. फक्त मांजराला नुसतं कडेवर घेऊन रिक्षात बसू नका. चौकात हॉर्न वाजला की ते उडी मारणार आणि पुणेकरांच्या गर्दीत ते शोधणार कोण?

रिक्षा शनिवारवाड्यावरून नदी ओलांडून शिवाजीनगरला आली. डाव्या-उजव्या बाजूला बघत राहा, कारण इथं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं. पूर्वी त्याला ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणत. ९ डिसेंबर १८८९ या दिवशी इथं जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्या काळी बुळकांडी नावाच्या रोगानं गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडत. बैल गेला की शेत पडीक आणि घर उपाशी! पण इतक्या सांसर्गिक रोगाचे जंतू भर वस्तीत ठेवायचे कसे? म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा दूर कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला गेली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. तिचं मुख्य ठिकाण आता बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. आणि बुळकांडी? २०११ साली ती साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून हद्दपार केलेला हा दुसराच रोग. त्या लढाईतलं एक पहिलं पाऊल पुण्यात पडलं होतं!

त्याही आधी, १८६२ साली, पुण्यात लष्करानं पशुवैद्यकाची शाळा काढली होती. जगातली अशी पहिली शाळा फ्रान्समध्ये लियाँ शहरात १७६२ साली सुरू झाली. म्हणजे पुण्याची शाळा बरोबर शंभर वर्षांनी आली. पण एक गोष्ट लक्षात आली का? लष्कराला काळजी घोड्यांची, सरकारला काळजी गुराढोरांची. या रांगेत मांजर कुठंच नव्हतं. ज्याच्यावर पलटण चालते, ज्याच्यावर शेत पिकतं, त्याला आधी औषध! उंदीर पकडणाऱ्या मनीकडे कोण बघणार?

विद्यापीठ मागे टाकून औंधच्या रस्त्याला लागलो की ब्रेमेन चौक येतो. जर्मनीतलं ब्रेमेन हे पुण्याचं मित्रशहर, म्हणून चौकाला हे नाव. ब्रेमेनची ती लोककथा ठाऊक आहे ना? म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा घर सोडून निघतात आणि एकमेकांचे सोबती होतात. उपयोग संपला की प्राणी नकोसा, ही रीत काही आपल्याकडचीच नाही.

इथून स्पायसर महाविद्यालयाच्या रस्त्याला वळलं की आलं आपलं ठिकाण. हे पुण्यातलं औंध हं, सातारा जिल्ह्यातलं संस्थानी औंध नव्हे! याच परिसरात राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांसाठी लस तयार करणारी संस्था आहे आणि जिल्ह्याचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे. खासगी दवाखाने पुण्यात पुष्कळ झालेत. कुठंही जा, निघण्याआधी फोन करून वेळ विचारा.

दवाखान्यात करंडी जमिनीवर ठेवू नका. शेजारी कुत्रा बसलेला असतो. मांडीवर घ्या, वरून फडकं टाका. केसपेपर झाला, नंबर आला की तुमची वही बाहेर काढा. डॉक्टर ताप बघतील, पोट चाचपतील, गरज पडली तर रक्त तपासतील किंवा सलाइन लावतील. पण ‘काल रात्रीपासून शू नाही’ हे त्यांना सांगणार कोण? मांजर बोलत नाही, तेव्हा तुमची वहीच त्याची जीभ. डॉक्टर नखं-दात सांभाळायला सांगतील तेव्हा शहाणपणा करू नका. ओरखडा निघाला किंवा चावलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घरी सांगायचं आणि आपल्या डॉक्टरांनाही लगेच दाखवायचं. रेबीज मांजरापासूनही होतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा! औषध ठरलेल्या वेळी, ठरलेलं तेवढंच. मांजर जरा उड्या मारायला लागलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही. निजायला शांत कोपरा द्या, पाणी जवळ ठेवा. दुधाचा आग्रह नको. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. कधीकधी इतकं सगळं करूनही मांजर वाचत नाही. मग रडू येतं, आणि ते यायलाच हवं. पण ते कपाटाखाली एकटं नव्हतं, हे तरी आपल्याला ठाऊक असतं.

बरं झालं, तर लसीचं विसरू नका. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढच्या तारखा डॉक्टर लिहून देतील. पुणे महानगरपालिकेनं २०२२ साली कुत्र्यांसारखीच मांजरांचीही नोंदणी करायला सांगितलं, आणि तिथंही रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. म्हणजे घोडे झाले, बैल झाले, कुत्रे झाले, आणि १८६२ नंतर १६० वर्षांनी का होईना, पालिकेच्या दप्तरात मनीचाही नंबर लागला!

तुमच्या घरच्या रांगेत तिचा नंबर कितवा आहे? आज संध्याकाळी ती जेवली का, एवढं बघा आणि वहीचं पहिलं पान सुरू करा.