तापलेली तार

जुनें हत्यार आणि जुना मनुष्य यांच्याशीं वागण्याची रीत एकच आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. झिजलें तें काय आणि शाबूत राहिलें तें काय, हें आधीं पाहावें. मग हात घालावा.

आमचे वडील बंधू आबा जळगांवीं गणपतीचीं मखरें करीत. कमानदार चौकटींत ताणलेली नायक्रोमची तार आणि तिला वीज पुरविणारा लहानसा ट्रान्सफॉर्मर, एवढ्या सामग्रीवर ते थर्माकोलचे महाल उभे करीत. 2018 च्या मार्चमध्यें राज्य सरकारनें थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. नदीनाल्यांत न कुजणारा तो पांढरा कचरा ज्यानें पाहिला आहे, त्याला ती अन्याय्य म्हणतां येणार नाहीं. आबाही म्हणत नसत. त्यांनीं फक्त हत्यार खुंटीला अडकविलें आणि पुन्हां त्याचें नांव काढलें नाहीं.

इकडे धुळ्यास आमच्या चिरंजीवांना युद्धखेळाचें वेड लागलें. पटावर डोंगर, नद्या, तट मांडून बोटभर सैनिक लढवावयाचे, असा हा खेळ. तो केवळ पोरखेळ नव्हे. राइसवित्झ नांवाच्या गृहस्थानें 1812 सालीं असा पट प्रशियाच्या राजास सादर केला होता. त्याच्या मुलानें 1824 मध्यें सुधारलेला खेळ तेथील सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत शिरला. चिरंजीवांना मात्र परदेशी रणांगण नको होतें. आग्रा रस्त्यावरचा, फारुकी राजांच्या वेळचा आमचा लळिंगचा किल्ला हवा होता. त्यांनीं आबांजवळ हत्यार मागितलें.

आबा तें घेऊन आले, पण हातांत धरीनात. “तूंच उघड,” आम्हांस म्हणाले, आणि खुर्चीवरून सांगूं लागले. तार मधोमध बारीक झाली होती. वीज सोडतांच तेवढाच भाग लाल होई. नवी तार त्याच जाडीची व त्याच लांबीची हवी. आंखूड तार जास्त वीज ओढते व अधिक तापते. कथिलाचा साधा डाग नायक्रोमला धरत नाहीं, म्हणून टोंकें स्क्रूखालीं आवळलीं. राहिली स्प्रिंग. तापलेली तार लांबते. तो सैलपणा स्प्रिंगनें ओढून घ्यावयाचा असतो, नाहींतर सरळ तटालाही पोट सुटतें. पण ताण किती द्यावा, हें तोंडानें सांगतां येत नाहीं. आबा उठले, वीज बंद असल्याची खात्री करून घेतली, आणि बोटानें तार छेडून तिच्या आवाजावरून त्यांनीं तो ठरविला.

मग त्यांनीं अट घातली: थर्माकोलचा नवा ताव एकही आणावयाचा नाहीं, घरांत आलेल्या सामानाच्या खोक्यांतून जो निघेल, तेवढाच वापरावयाचा. तार लाल दिसूं द्यावयाची नाहीं. लाल तार कापण्याऐवजीं जाळते, आणि तो धूर छातीस वाईट. दारें-खिडक्या उघडून त्यांनीं पहिला तट कापला. “ढकलूं नकोस, बाळ. तारेला तिच्या चालीनें जाऊं दे.”

हत्यार आतां धुळ्यासच असतें. परवां जळगांवाहून आबांचा फोन आला. एरवीं ते आधीं प्रकृतीची चौकशी करतात. या खेपेस लळिंगचा दुसरा बुरूज झाला का, एवढेंच विचारलें. रविवारीं येतों, तोंवर कोणी हात लावूं नका, असेंही बजावलें.