चार जुने प्लग

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा सीटच्या फाटलेल्या फोममध्ये कोंबडीची पिसं होती. डाव्या बाजूचा क्रोम पार खाल्लेला, उजवी बाजू त्या मानानं बरी. मी विचारलं, "डाव्या अंगाला म्हैस बांधत होता काय?"

मुलगा चमकला. "होय काका, पण तुम्हाला कसं कळलं?"

मुलगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, पुण्यात नोकरीला. पण बापाची गाडी घेऊन येणारा माझ्या लेखी मुलगाच. आणि कळायला काही विद्या लागत नाही. गोठ्यातल्या मुताची वाफ क्रोम आणि जस्त दोन्ही खाते. ज्या अंगाला जनावर, त्या अंगाची रिम आधी जाते.

गाडी १९७८ ची येझदी, अडीचशे सीसी. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि गिअरला व किकला मिळून एकच दांडी. ही दांडी आत दाबून वर वळवली की किक, खाली आणली की गिअर. नवख्या माणसाला ती सापडायचीच नाही, त्यामुळे गाडी चोरीला जाण्याची भीती कमी, असा तेव्हाचा विनोद. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यानं चेकोस्लोव्हाकियातल्या जावाचं तंत्र घेऊन १९६१ पासून गाड्या काढल्या, पुढं नाव येझदी केलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आता दोन्ही नावांच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसतात, पण त्यांचा एक वॉशरसुद्धा हिला लागत नाही. हिचं जे काही मिळायचं ते जुन्या बाजारात, नाहीतर आमच्या उद्यमनगरात लेथवर.

मुलाला गाडी कशी हवी होती, ते त्यानं मोबाईलवर दाखवलं. चेरी रंग, आरशासारखा क्रोम, टाकीवर सोनेरी रेघ. मी म्हटलं, आधी चालू दे, मग नटव. रंगाचं काम पहिलं करणारा माणूस गाडी दाराशी ठेवायला करतो, रस्त्यावर न्यायला नव्हे. त्याला ते फारसं पटलं नाही, पण चावी ठेवून गेला.

जुनी गाडी हाती आली की लोक आधी प्लग काढून करंट बघतात. मी आधी टूलबॉक्स उघडतो. मालक कसा होता, मेकॅनिक कसे होते, गाडीला काय दुखत होतं, हे सगळं तिथं असतं. या टूलबॉक्समध्ये घरी बनवलेला एक पान्हा होता, पॉइंट घासायची काचकागदाची पट्टी होती, आणि चिंधीत गुंडाळलेले चार वापरलेले मायको प्लग. काटकसरी माणसं जुना प्लग टाकत नाहीत, अडीनडीला असू दे म्हणतात. हे गृहस्थ गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. हिशेबाचा माणूस.

ते चार प्लग मी बाकड्यावर ओळीनं मांडले. टू-स्ट्रोकच्या प्लगवर इंजिनची तब्येत उमटते. बिस्किटी तपकिरी रंग असेल तर इंजिन सुखी. काळं, ओलं असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. पांढरं पडलं तर पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, म्हणजे आत भट्टी पेटलेली. पहिला प्लग बऱ्यापैकी तपकिरी होता. दुसरा फिका. तिसरा चुन्यासारखा पांढरा. चौथ्याच्या चिनीमातीवर भिंगाखाली चकाकणारे बारीक ठिपके दिसले, सुईच्या टोकाएवढे. ते अ‍ॅल्युमिनियम होतं. पिस्टन वितळायला लागला की त्याचे कण असे उडून प्लगवर बसतात.

म्हणजे गाडी म्हातारपणानं थांबलेली नव्हती. तिला ताप होता, आणि चार प्लग बदलेपर्यंत तो कुणी उतरवला नव्हता.

मग मी कार्बोरेटर खोलला आणि मला हसू आलं. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. मेन जेटचं भोक कुणीतरी तार घालून मोठं केलेलं. स्लाइडला कानस मारलेली. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला एक जादा स्प्रिंग अडकवलेली, सायकलच्या स्टँडची असावी. ही वेगवेगळ्या हातांची कामं होती. कानस मारणारा उतावळा, स्प्रिंग लावणारा कल्पक, जेट मोठा करणारा थोडा शिकलेला. पण तिघांकडे तक्रार एकच गेलेली असणार: मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही. प्रत्येकानं कार्बोरेटरवर संशय घेतला, कारण रेस तिथून येते.

माझा स्वतःचा एक नियम आहे. जुन्या गाडीत झीज शोधू नये, शेवटची दुरुस्ती शोधावी. लोखंड इमानानं झिजतं, हळूहळू आणि सांगून. माणसाचा हात लागतो तिथं गोष्टी एकदम बिघडतात. म्हणून सिलिंडर उतरवताना मी शेवटचा हात कुणाचा ते बघत होतो.

पिस्टन धरलेला होता, ते अपेक्षितच. अशा इंजिनला किक मारायची नसते. गंजलेली रिंग पोर्टच्या कडेला अडकली की तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पाडते. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल ओतून आठवडाभर ठेवलं. आठव्या दिवशी मागचं चाक गिअरमध्ये हातानं हलवलं तेव्हा पिस्टन कुरकुरत अर्धा इंच सरकला. त्या आवाजाची मला अजून हौस आहे. उरलेलं काम लाकडी ठोकळ्यानं.

सिलिंडर निघाला. पिस्टनच्या डोक्यावर ०.५० चा शिक्का, म्हणजे एकदा रिबोअर झालेला. सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनचा धातू सिलिंडरच्या भिंतीला माखलेला, साबण पुसल्यासारखा. रिबोअर होऊनही पुन्हा धरला होता. मी मनातल्या मनात त्या मेकॅनिकला दोन शब्द ऐकवले. बोअर केला, नवा पिस्टन घातला, पण आधीचा का धरला ते बघितलं नाहीस गड्या.

पिस्टनची आतली बाजू कुणी बघत नाही. जळक्या तेलाचा तपकिरी थर बसलेला असतो तिथं. मी तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला. खाली अणकुचीदार टोकानं ओरखडून तारीख लिहिलेली होती: १२-४-९४. चारातल्या उभ्या रेघेला खाली एक लहान आकडा. असा चार मी लिहितो. माझी आई असाच लिहायची.

तेव्हा माझी सवय होती, बसवलेल्या पिस्टनच्या आत तारीख टाकायची. महिन्याला पाच-सहा येझदी यायच्या, त्यामुळे ही गाडी किंवा ते सचिव मला आठवत नाहीत. पण हात माझाच. शेजारच्या लेथवरचा तात्या आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बोअर मीच मारला असणार की मग त्यो. माप तर बरोबर हाय." माप बरोबर होतं. मापात चूक नव्हतीच.

चूक कुठं होती ते सांगायचं तर टू-स्ट्रोक थोडं समजावून घ्यावं लागेल. या इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचं मिश्रण थेट वर जात नाही. पिस्टन वर गेला की ते खाली क्रँकच्या पेटीत ओढलं जातं, पिस्टन खाली आला की दाबून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँकची पेटी हा एक भाता आहे. भात्याला भोक पडून चालत नाही. क्रँकची दोन टोकं पेटीतून बाहेर येतात, डावं क्लचकडे आणि उजवं डायनॅमोकडे, आणि दोन्हीकडे रबराचं ऑइल सील असतं. डावं सील गेलं तर क्लचकडचं तेल आत ओढलं जातं आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट निघतो. आंधळ्यालाही कळतं. उजवं गेलं तर मात्र नुसती हवा आत जाते. धूर नाही, गळती नाही. मिश्रणात हवा वाढते, रेस चढून राहते, इंजिन तापतं. तेल पेट्रोलमधूनच येत असल्यानं पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन फुगतो आणि धरतो.

डायनॅमोचा आर्मेचर पुलरनं ओढून काढला. मागचं सील वाळलेल्या आमसुलासारखं झालं होतं, काळं, आकसलेलं, ओठावर दोन चिरा. ते मूळ कारखान्याचं होतं. १९७८ चं. मी १९९४ मध्ये त्याला हात लावलेला नव्हता.

का नव्हता, याची कारणं मला माहीत आहेत. डायनॅमो काढायचा, परत टायमिंग बसवायचं, अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतंय. आणि धूर नाही म्हटल्यावर सील बरं असणार, हा तेव्हाचा सगळ्यांचा हिशेब. किंमत म्हणाल तर दोन-चार चहांची.

आता मी काय करतो ते सांगतो. इंजिन जोडून झालं की कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरची दोन्ही तोंडं पत्रा आणि रबर लावून बंद करायची. एका पत्र्यात नळी बसवायची आणि तिला रक्तदाब मोजायचं यंत्र जोडायचं. तेच, डॉक्टरच्या टेबलावरचं. रबरी फुगा दाबून काटा २५० वर न्यायचा आणि बिडी शिलगावायची. बिडी संपेपर्यंत काटा जागेवर राहिला तर भाता शाबूत. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठं येतो ते शोधायचं. या येझदीचा काटा पहिल्या खेपेला उतरला. सील दोन्ही नवीन होती. बुडबुडे सिलिंडरच्या पायाच्या पॅकिंगमधून येत होते. तात्याला दगडावर घासून तळ सपाट करायला लावला, दुसरं पॅकिंग कापलं. मग काटा बसला.

सीलं मी व्हायटॉनची घातली. साधं जुन्या जातीचं रबर आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फार टिकत नाही, आणि टू-स्ट्रोकचं सील तर त्यातच न्हात असतं. पेट्रोलच्या कॉकमधलं बुचाचं वॉशरही त्यासाठीच बदललं.

बाकी कामं नेहमीची. टाकीत मूठभर नट टाकून गोधडीत गुंडाळली आणि पोरांना हलवायला दिली, मग फॉस्फोरिक अ‍ॅसिड. सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात दोन रात्री. वायरिंग उंदरांनी संपवलं होतं, ते नवीन ओढलं. बॅटरी सहा व्होल्टचीच ठेवली. उजेड समईएवढा पडतो, पण रात्री गाडी चालवायची कुणाला आहे?

टायमिंगला मात्र वेळ दिला. प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टन टोकाला आणायचा, मग उलटा फिरवून तीनेक मिलिमीटर खाली घ्यायचा. पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून हलकासा ओढत राहायचा. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी ठिणगी. दिव्यानंही करता येतं, आणि ते जास्त अचूक म्हणतात. मला कागद कळतो.

मुलगा आला तेव्हा मी त्याला पिस्टन दाखवला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ ती तारीख बघत राहिला. म्हणाला, "मी तेव्हा चौथीत होतो. बाबांनी नंतर दोन महिन्यांत गाडी लावून टाकली. म्हणायचे, हिच्यात आता काही राम नाही." मग थोड्या वेळानं, "काका, मजुरी किती झाली?" मी म्हटलं, बोअरची आणि इंजिनची मजुरी १९९४ मध्येच घेतली आहे. सामानाचे दे. त्यानं वाद घातला नाही, ते बरं वाटलं.

चाचणीला जोतिबाचा डोंगर. गाडी चढावर तापते की नाही ते तिथं कळतं. बोअर नवा म्हणून लिटरला ५० मिली तेल, आणि रेस अर्ध्याच्या वर नाही. वर पोचून मूठ सोडली, रेस पाण्यासारखी खाली आली आणि इंजिन संथ फटफटत राहिलं. खरी परीक्षा उतारावर. टू-स्ट्रोक गाडी मूठ बंद करून गिअरमध्ये घाट उतरवली तर पेट्रोल बंद आणि म्हणून तेलही बंद, चाक मात्र इंजिन फिरवतंय. कितीतरी पिस्टन चढावर नव्हे, उतारावर धरले आहेत. अधूनमधून क्लच दाबून रेस द्यायची. गॅरेजात येऊन प्लग काढला. बिस्किटी.

गाडी मुलाच्या नावावर व्हायची आहे. मालक वारल्यावरचा ३१ नंबरचा फॉर्म भरला, चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा जोडला. पन्नास वर्षं पुरी झाल्यावर व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, पण तिला थोडा अवकाश आहे, आणि त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. त्याला रोज वापरायची आहे, असं आता तो म्हणतो. रंगाचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही.

तुमच्या गोठ्यात, माडीखाली, वाड्याच्या बोळात अशी एखादी उभी असेल तर एवढं करा. टाकीतलं पेट्रोल ओतून टाका. प्लग काढून दोन चमचे तेल आत सोडा. कौतुकानं किक मारून बघू नका. आणि टूलबॉक्समध्ये जुने प्लग असतील तर घासून पुसून ठेवू नका, फेकूही नका. आहेत तसे घेऊन या.